पाकिटावरचे आजोबा राहू द्या, पातेल्यातल्या दुधाचं बोला : कॅरॅमलवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
चघळायचं कॅरॅमल बनवणाऱ्या लहानमोठ्या सगळ्या कंपन्या
आणि त्यांच्या पाकिटामागचा मजकूर लिहिणारी मंडळी

नमस्कार,

आधीच सांगते, भांडायला लिहीत नाहीये. भांडायचं असतं तर गेल्या महिन्यातच भांडले असते, तेव्हा डोकं खरंच तापलं होतं. आता जरा थंड झाल्यावर लिहितेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण एकटीने पाठवलेल्या मेलचं काय होतं ते बघून झालंय.

झालं असं की तुमच्यापैकीच एका कंपनीचं कॅरॅमल मी वीसेक वर्षं खातेय. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटले असं होतं, आणि मला तर वाटतं हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापलं पाकीट उलटून बघावं. तर नवीन पाकीट आलं. पुढे सोनेरी पट्टी, त्यावर "पिढ्यानपिढ्या तीच मूळ रेसिपी", खाली पांढऱ्या मिशांचे एक आजोबा, तांब्याचं मोठं पातेलं, लाकडी उलथनं, वर वाफ. छान. मागे वळवलं तर बारीक अक्षरांत आधी ग्लुकोज सिरप, मग साखर, मग पाम तेल, मग कुठेतरी दूध पावडर, मग रंग, मग स्वाद. आता योगायोग बघा, माझ्या रेसिपीच्या वहीत खूण म्हणून त्याच कॅरॅमलचं जुनं रिकामं पाकीट ठेवलेलं होतं, आठ-दहा वर्षांपूर्वीचं असेल. त्यावर तिसऱ्या नंबरला कंडेन्स्ड मिल्क आणि चौथ्याला बटर. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून फोटो काढला आणि ग्राहकसेवेला विचारलं की "तीच" म्हणजे नक्की कुठली हो?

नऊ दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळी. ग्राहकांच्या बदलत्या आवडीनिवडींनुसार आम्ही आमच्या उत्पादनात सतत सुधारणा करत असतो, आणि खाली पाच चांदण्यांचा फॉर्म, आमची सेवा कशी वाटली. अहो, सुधारणा केलीत तर ती तीच कशी राहिली, आणि तीच असेल तर सुधारलंत काय! एवढा साधा प्रश्न होता.

माझा यात काय संबंध असं वाटेल, तर सांगते. मी गेली बारा वर्षं घरी कॅरॅमल करून ऑर्डरप्रमाणे देते. फार मोठं काही नाही, एका वेळी एक पातेलं. त्यामुळे तुमची स्पर्धक वगैरे मी नाही, तुमच्या मशीनमधून चहा पिऊन होईपर्यंत जेवढं निघत असेल तेवढं माझं वर्षाचं होत नसेल. पण मध्यंतरी एका ओळखीच्या मुलाने माझ्याकडचा तुकडा तोंडात टाकला, चावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, काकू याला कॅरॅमलचा फ्लेवर नाहीये, दुधाचा वास येतोय. मी हसले तेव्हा. रात्री झोपताना मात्र हसू येत नव्हतं. म्हणजे आता मुलांच्या जिभेला कॅरॅमल म्हणजे तुमच्या बाटलीतला स्वाद आणि दूध म्हणजे भेसळ!

म्हणून थोडं पातेल्याबद्दल बोलते, कारण माझी सगळी तक्रार तिथूनच सुरू होते.

जाड बुडाचं पातेलं, साखर, ग्लुकोज सिरप, दूध किंवा साय किंवा कंडेन्स्ड मिल्क, बटर, चिमूटभर मीठ. (ग्लुकोज सिरपला मी नावं ठेवत नाहीये हं, ते लागतंच, नाहीतर पाक साखरतो आणि चघळायच्या ऐवजी रवाळ भुगा हातात येतो.) मग ढवळत बसायचं. पहिली बरीच मिनिटं काहीच होत नाही, नुसतं पांढरं पांढरं उकळत असतं आणि नवशिक्याला वाटतं आपलं चुकलं. पाणी उडत जातं तसं तापमान हळूहळू चढतं, एकशे दहाच्या पुढे बुडबुडे जड होतात, फुटताना फप्प असा आवाज करतात, आणि मग पातेल्याच्या कडेने पहिली बदामी रेघ दिसते. ११८ ते १२० अंश सेल्सिअस. एवढाच खेळ. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की बोटांत धरता येणारी पण दाबली की दबणारी गोळी झाली पाहिजे, आपल्याकडे गोळीबंद पाक म्हणतात ना त्याच घरातली ही गोष्ट. चार अंश कमी पडले तर कागदाला चिकटून बसतं, पाच-सात अंश जास्त झाले तर दाताची परीक्षा.

आणि आता महत्त्वाचं. नुसती साखर भाजून तपकिरी व्हायला १६० अंशांच्या वर जावं लागतं. आपण तर १२० च्याही वर जात नाही. मग हा रंग आणि वास येतो कुठून? दुधातून. दुधातली प्रथिनं आणि साखरा तापल्या की एकमेकांशी जी काही प्रक्रिया करतात त्यातून, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने १९१२ साली ती मांडली म्हणून तिला त्याचं नाव आहे, पावाची भाजलेली कड, भाजलेली कॉफी, सगळीकडे हीच. म्हणजे नाव कॅरॅमल असलं तरी चघळायच्या कॅरॅमलची चव मुळात तापलेल्या दुधाची चव आहे. दूध काढलंत की मागे उरतो तो मऊ गोड गोळा. मग त्याला रंग लावा, स्वाद घाला.

आता तक्रारी. एकेक करून सांगते, क्रम माझ्या रागाप्रमाणे आहे.

पहिली तक्रार. इतिहास सांगता तर पूर्ण सांगा. तुम्हाला पाकिटावर आजोबा आवडतात ना, मग मी एका खऱ्या माणसाची गोष्ट सांगते. मिल्टन हर्शी. जग त्याला चॉकलेटवाला म्हणून ओळखतं, पण त्याचे पहिले पैसे कॅरॅमलचे. शाळा फारशी नाही, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला एका मिठाईवाल्याकडे उमेदवारी केली, १८७६ मध्ये फिलाडेल्फियात स्वतःचं दुकान काढलं आणि सहा वर्षांत ते बुडालं. मग गेला डेन्व्हरला आणि तिथे एका कॅरॅमलवाल्याकडे नोकरी धरली. त्या काळी कॅरॅमलला चिवटपणा यावा म्हणून मेण घालायची पद्धत होती, हो, मेणच, पॅराफिन, आणि हा डेन्व्हरचा माणूस त्याऐवजी ताजं दूध घालायचा. हर्शीने तेवढं एक डोक्यात साठवून ठेवलं. तिथून पुढे शिकागो, न्यूयॉर्क, सगळीकडे आपटला. १८८६ मध्ये खिसा रिकामा करून लँकेस्टरला परत आला आणि ताज्या दुधाचं कॅरॅमल करायला लागला. कागदात गुंडाळायला कोण होतं? आई फॅनी आणि मावशी मॅटी. मावशीने त्याच्या आधीच्या बुडीत धंद्यांतही पैसे घातले होते, तरी परत उभी राहिली. (मावश्या जगभर सारख्याच असाव्यात.) पुढे इंग्लंडहून मोठी ऑर्डर आली, लँकेस्टर कॅरॅमल कंपनी उभी राहिली, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने जर्मन चॉकलेटची मशिनं बघितली आणि त्याचं मन तिकडे लागलं. १९०० साली कॅरॅमलचा धंदा दहा लाख डॉलरला विकून मोकळा झाला. दहा लाख, १९०० साली!

ही गोष्ट मला का आवडते, तर सगळं वळण एका घटकावर आहे. मेण काढलं, दूध घातलं. तुम्ही जे करताय ते बरोबर उलट्या दिशेने चाललंय, दूध काढून पुन्हा स्वस्त चरबीकडे, आणि वर पाकिटावर तांब्याचं पातेलं. पाम तेल म्हणजे मेण नव्हे, खाण्यासारखंच आहे, ते मला कळतं. पण दिशा बघा ना.

दुसरी तक्रार, आजोबाच का? आजी कुठे गेली? १८९० साली इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सला जॉन मॅकिंटॉश आणि व्हायोलेट टेलर यांचं लग्न झालं आणि साठवलेल्या पैशांतून दोघांनी छोटं पेस्ट्रीचं दुकान काढलं. जॉन सुरुवातीला गिरणीत कामाला जायचा. मिठाईचं काम शिकलेली होती व्हायोलेट. इंग्लिश बटरस्कॉच म्हणजे कडक, कटकन तुटणारं, आणि अमेरिकन कॅरॅमल म्हणजे मऊ, या दोघांच्या मधलं काहीतरी करायचं ठरलं, आणि ती रेसिपी व्हायोलेटने बसवली. त्यातून मॅकिंटॉशची टॉफी आली, कारखाना आला, जॉनला लोक टॉफीचा राजा म्हणायला लागले, पुढच्या पिढीत १९३६ मध्ये क्वालिटी स्ट्रीट हा मिश्र मिठाईचा डबा आणि १९३७ मध्ये रोलो हे कॅरॅमल भरलेलं चॉकलेट आलं. डब्यावर नाव मॅकिंटॉश. राजा जॉन. व्हायोलेटचं नाव शोधायला तुम्हाला आत खणत जावं लागतं. आता तुमच्या कंपन्यांच्या इतिहासाच्या पानांवर जा आणि मोजा, किती संस्थापकांच्या बायका, आया, मावश्या "मदत करत असत" या दोन शब्दांत संपल्यात. पातेल्यासमोर कोण उभं होतं ते लिहा की. ढवळून ढवळून माझा उजवा खांदा गेलाय, म्हणून कदाचित मला हे जास्त लागत असेल.

त्याच जॉनची अजून एक गोष्ट आहे जी कुठल्याच पाकिटावर येणार नाही. १९०४ मध्ये तो टॉफी घेऊन अमेरिकेत गेला, वाजतगाजत, आणि तिथल्या उन्हाळ्यात ती टॉफी पाघळली, धंदा बसला, पैसे बुडाले, गडी परत आला. मला हे वाचून त्याच्याबद्दल जास्त आपुलकी वाटली. तुम्हाला काय वाटतं, अपयश सांगितलं तर लोक खायचे थांबतील?

तिसरी तक्रार थोडी किचकट आहे, सालांची. जर्मनीतल्या वेर्टर गावात १९०३ मध्ये आउगुस्ट श्टोर्कने मिठाईचा कारखाना काढला हे खरं. गुस्ताव नेबेल नावाच्या कारागिराने १९०९ मध्ये ती सायी-लोण्याची गोळी, आज वेर्टर्स ओरिजिनल म्हणून मिळते ती, पहिल्यांदा केली असं कंपनी सांगते. पण त्या गोळीचा ब्रँड, वेर्टर्स एश्टे या नावाने, बाजारात आला १९६९ मध्ये. म्हणजे जी गोष्ट आपल्याला आजोबांच्या लहानपणीची वाटते तो ब्रँड माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षीचा आहे! (ती कडक गोळी आहे, चघळायची नंतर आली, ते बाजूला ठेवू.) यात खोटं कोणी बोललं असं मी म्हणत नाही. पण मधली साठ वर्षं अशी हातचलाखीने गायब होतात आणि खाणाऱ्याच्या मनात फक्त जुना काळ उरतो. दोन सालं छापा ना, एक गोष्टीचं आणि एक ब्रँडचं. शाई किती लागते?

याच्याच जोडीला ती अरबांची गोष्ट. नेटवर कॅरॅमलचा इतिहास शोधा, दहातल्या सात ठिकाणी सापडेल की साधारण इसवी सन १००० मध्ये अरबांनी कॅरॅमल शोधलं आणि त्याला "कुरात अल मिल्ह" म्हणायचे, म्हणजे गोड खारट गोळा. विकणाऱ्यांच्या साइटवर पण हेच, शब्दाला शब्द, एकाने दुसऱ्याचं उचललेलं. अरबीत मिल्ह म्हणजे मीठ. कुरात अल मिल्ह म्हणजे मिठाचा गोळा. त्यात गोड कुठून आलं? अरबी येणाऱ्या कोणालाही एक फोन केला असता तरी कळलं असतं. साखरेच्या कामात तिकडचे कारागीर फार पुढे होते हे तर आहेच, पण म्हणून ही पाटी खरी होत नाही.

आणि खारट कॅरॅमल, ते तर विचारूच नका. प्रत्येक पाकिटावर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताची प्राचीन परंपरा. ब्रिटनीत खारवलेलं लोणी जुनं आहे, बरोबर, कारण फ्रान्सच्या राजांचा मिठावरचा कर, गॅबेल, त्या प्रांताला लागू नव्हता, मीठ स्वस्त, म्हणून लोण्यात सढळ हाताने. पण खारवलेल्या लोण्याचं कॅरॅमल म्हणून आज जे जगभर चालतं ते आंरी ल रू नावाच्या माणसाने १९७७ मध्ये ब्रिटनीतल्याच किबरों गावी केलं, आत सुक्यामेव्याचे तुकडे घालून, आणि १९८० मध्ये पॅरिसच्या मिठाई प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. १९७७. माझ्या वहीतल्या काही रेसिपी त्याहून जुन्या आहेत.

चौथी तक्रार, छोटी. कॅरॅमलमध्ये कॅरॅमल रंग. वाचा परत. काही पाकिटांवर घटकांच्या यादीत १५०क नाहीतर १५०ड असा या रंगाचा नंबर असतो, त्यातला १५०ड कोलात पण घालतात. परवानगी आहे, मान्य. पण जो पदार्थ पातेल्यात स्वतःहून तपकिरी होतो त्याला बाहेरून तपकिरी करायची वेळ का येते? एकतर दूध कमी किंवा वेळ कमी. मला तरी तिसरं कारण सुचत नाही, तुम्हाला माहीत असेल तर जरूर कळवा.

पाचवी. तुम्ही म्हणाल बाई, घरच्या पातेल्यावरून कारखान्याला शिकवू नका, आम्हाला माल गरमीत टिकवायचा असतो, महिनोन्महिने दुकानात राहायचा असतो, दुधाचे भाव आम्हाला कळतात. हे सगळं खरं आहे आणि मी मान्य करते. पण हा प्रश्न आज आला नाही. जपानचे मोरिनागा ताइचिरो बघा. १८८८ मध्ये अमेरिकेत गेले ते चिनीमातीची भांडी विकायला, ते काही जमलं नाही, मग तिथेच राहून पाश्चात्य मिठाई शिकले, १८९९ मध्ये परत येऊन टोकियोत अकासाकाला दोन त्सुबो जागेत, म्हणजे जेमतेम साडेसहा चौरस मीटर, काम सुरू केलं. अमेरिकेत शिकलेलं कॅरॅमल तिथल्या दमट हवेत चिकट व्हायचं, मऊ पडायचं. मग काय केलं? प्रमाणं बदलत बसले, तुकडा तुकडा मेणकागदात गुंडाळला, आधी डब्यात विकला. १९१३ मध्ये त्याला मिल्क कॅरॅमल असं नाव दिलं, नावातच दूध, आणि १९१४ मध्ये खिशात मावेल असं वीस तुकड्यांचं कागदी खोकं काढलं. ते पिवळं खोकं अजून मिळतं. म्हणजे हवेचा प्रश्न आवरणाने आणि प्रमाणाने सोडवता येतो हे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी करून दाखवलंय. मेण कॅरॅमलच्या बाहेरच्या कागदाला लावायचं असतं, हे डेन्व्हर आणि टोकियो दोन्हीकडच्या लोकांना कळलं होतं, एवढंच म्हणते.

आणि कोणी प्रामाणिक नव्हतंच असंही नाही. शिकागोत १९२० च्या दशकात एका कंपनीला चॉकलेट लावलेली गोल कॅरॅमल गोळी करायची होती, ती काही केल्या गोल होईना, सगळ्या वेड्यावाकड्या. शेवटी त्यांनी त्या फसलेल्या गोळ्यांनाच मिल्क डड्स असं नाव दिलं, डड म्हणजे फसलेला माल. स्वतःची फजिती स्वतःच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात! मला हा इतिहास सगळ्या आजोबांपेक्षा प्यारा आहे. पुढे त्याच गोळीवरच्या चॉकलेटमधलं कोको बटर काढून २००८ च्या सुमारास वनस्पती तेल आलं, आणि तेव्हा अमेरिकेच्या नियमाप्रमाणे खोक्यावर मिल्क चॉकलेट म्हणता येईना म्हणून शब्द बदलावे लागले. म्हणजे चॉकलेटला कायद्याचं कुंपण आहे, तिथे शब्द बदलतो. "मूळ", "पारंपरिक" म्हणायला आपल्याकडेही नियम आहे, पण पाकिटं बघून ते कुंपण कुठे दिसत नाही. बरोबर ना?

आता मागण्या. फार नाहीत, आणि कुठलीच अशी नाही की तुमचा कारखाना बंद पडेल.

"मूळ", "तीच", "पारंपरिक" हे शब्द वापरायचे असतील तर मूळ घटकांची यादी आणि आजची यादी शेजारीशेजारी छापा. पाकिटावर जागा नसेल तर साइटवर, पण छापा. यादीत बदल केला की त्या पाकिटावर ठळक लिहा, कृती बदलली आहे, अमुक महिन्यापासून. नवीन आकार, नवीन डिझाइन हे तुम्ही केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिता, तेवढ्याच अक्षरांत.

इतिहास लिहिणार असाल तर साल कशाचं ते सांगा, कंपनीचं, रेसिपीचं की ब्रँडचं. काल्पनिक माणसाचं चित्र असेल तर खाली बारीक अक्षरात का होईना काल्पनिक असं लिहा. तुमच्या जुन्या कागदपत्रांत ज्या बायकांची, कामगारांची नावं आहेत ती बाहेर काढा. असतीलच, हजेरीपट सगळे ठेवतात.

दुधाची टक्केवारी छापा. दूध आणि बटर मिळून किती, एवढा एक आकडा. बाकी आम्ही ठरवू काय घ्यायचं ते. स्वस्तातलं तेलाचं कॅरॅमल विकायचंय, खुशाल विका, खाणारे खातील, मी पण प्रवासात घेईन कदाचित. फक्त त्याच्या अंगावर दुधाच्या कॅरॅमलचे कपडे चढवू नका.

आणि शेवटची मागणी, वर्षातून एकदा, एक छोटी बॅच, जुन्या यादीप्रमाणे. दूध, बटर, पूर्ण वेळ. मर्यादित आवृत्ती म्हणा, काही म्हणा, जास्त पैसे लावा. ज्यांनी ती चव बघितलेलीच नाही त्यांना एकदा दोन्ही तुकडे शेजारी ठेवून खाता येतील. मी हे घरी केलंय, त्याच तोंड वाकडं करणाऱ्या मुलाला बोलावून. पाण्याचा घोट मध्ये देऊन, डोळे मिटायला लावून, आधी पाकिटातला आणि मग पातेल्यातला. पाकिटातला गिळल्यावर टाळूला तेलाचा पातळ थर राहतो, जीभ फिरवली की कळतो, ते त्याला स्वतःलाच कळलं, मी सांगितलं नाही. दुसरा तो बराच वेळ चघळत बसला. आवडला का विचारलं तर म्हणाला, माहीत नाही, पण अजून एक द्या म्हणजे सांगतो. तीन खाल्ले. उत्तर अजून दिलेलं नाही.

दोन्ही पाकिटं माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत, जुनं आणि नवीन. तुमच्यापैकी कोणाला हवी असतील तर फोटो पाठवते, पण उत्तर या वेळी माणसाने लिहिलेलं पाहिजे, आणि पाच चांदण्यांचा फॉर्म जोडू नका.

कळावे,
तुमची वीस वर्षांची गिऱ्हाईक आणि एका पातेल्याची कॅरॅमलवाली